दुसऱ्या साक्षीदाराची जागा

पत्रात ‘आपले पती’ असं लिहिलं होतं. मला पती नाही. एक होता, तो पंचवीसेक वर्षांपूर्वी सुटला, आणि सुटला म्हणजे रीतसर, सहीशिक्क्यानिशी सुटला. म्हणून मी आधी लिफाफ्यावरचं नाव पुन्हा वाचलं. हिबिनो मित्सुए. म्हणजे मीच. पत्ताही माझाच, नागोयातल्या या तिसऱ्या मजल्याचा. पत्र पाठवणारं होतं डोंगरातल्या मिनोसावा गावाचं कल्याण खातं. आपले पती हिबिनो सेइगो यांचं फेब्रुवारीत निधन झालं, नातेवाइकांचा शोध घेण्यात वेळ गेला, क्षमस्व. अस्थिकलश कार्यालयात जपून ठेवला आहे, तो कधी नेऊ शकाल ते कळवावं. खाली कुणा ओगावारांचं नाव आणि फोन नंबर. मी पत्राची घडी घातली आणि गॅसवरचा मासा उलटला. तो एका बाजूने जळला होता. जळकी बाजू खाली करून मी तो खाल्ला, ताट धुतलं, मग पुन्हा पत्र उघडलं. सेइगो मेला याचं मला काय वाटलं, हे कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पण ‘आपले पती’ या शब्दांचा मात्र राग आला, अगदी लख्ख राग, न विचारता कुणी आपल्या चपला घालून गेल्यावर येतो तसा.

दुसऱ्या दिवशी दुकानातून फोन केला. मी एका कपडे धुऊन देणाऱ्या दुकानात गल्ल्यावर बसते. लोकांचे शर्ट आणि कोट घेणं, चिठ्ठी टोचणं, डाग कशाचा ते चेहऱ्यावरची रेषही न हलवता विचारणं, हे माझं काम. मालकीणबाई, इनुकाई त्यांचं नाव, आत वाफेच्या इस्त्रीवर होत्या. ओगावारांचा आवाज तरुण आणि जरा जास्तच नम्र होता.

“तुमची चूक झालीय,” मी म्हटलं. “मी त्यांची बायको नाही. आमचा घटस्फोट झालाय. तुम्ही शाळेत असाल तेव्हा.”

“असं का,” ते म्हणाले. थोडा वेळ कागद उलटल्याचा आवाज. “पण आमच्या कुटुंबनोंदीत तुम्ही पत्नी म्हणून आहात.”

“नोंद जुनी असेल. सुधारायची राहिली असेल.”

“असेलही. मग एवढं करा, घटस्फोटाची नोंद असलेली प्रत काढून आम्हाला पाठवा. ती आली की तुमचा काही संबंध नाही. कलशाचं आम्ही बघू.”

“म्हणजे काय कराल?”

“बेवारस लोकांसाठी एक सामायिक थडगं आहे. तिथे ठेवू. देऊळ चांगलं आहे,” ते म्हणाले, एखादी खोली भाड्याने देत असल्यासारखे.

प्रत काढणं ही काही मोठी गोष्ट नव्हती. वॉर्डाच्या कार्यालयात जायचं, अर्ज भरायचा, नंबर घ्यायचा. घटस्फोट झाला की बाईचं नाव नवऱ्याच्या कुटुंबनोंदीतून निघतं आणि तिची तिची वेगळी नोंद उघडते, ती सांगेल त्या मूळपत्त्यावर, म्हणजे नोंद जिथे ठेवलेली असते त्या पत्त्यावर; मी इथला लिहिला होता. जुन्या नोंदीत तिच्या नावावर मोठी फुली मारतात. त्यावरून लोक अशा बाईला ‘एक फुलीवाली’ म्हणतात. मीही म्हणते, स्वतःला. दुकानात गिऱ्हाइकांनी घरच्यांची चौकशी केली की म्हणते, “मी बाई एक फुलीवाली,” आणि तेही हसतात, मीही हसते. आडनाव आपोआप माहेरचं होतं. ठेवायचं असेल तर वेगळा कागद द्यावा लागतो. मला माहेरच्या नावाचं प्रेम नव्हतं, तिथल्यांनी लग्नाच्या वेळीच दार लावून घेतलं होतं. शिवाय हिबिनो नावाचा, सहीसोबत उठवायचा माझा शिक्का चांगला होता, बॉक्सवूडच्या लाकडाचा. म्हणून तोही कागद मी तेव्हाच भरून दिला होता. दोन्ही कागद दिले होते. सेइगोकडे.

वॉर्डाच्या खिडकीतली मुलगी माझा अर्ज घेऊन गेली आणि फार लवकर परत आली.

“हिबिनो-सान, या मूळपत्त्यावर तुमच्या नावाची कुटुंबनोंदच नाही.”

“नीट बघा.”

“दोनदा बघितलं.”

“मग मी आहे कुठे?” मी विचारलं. मागे रांगेत कुणीतरी खाकरलं.

ती गोंधळली. मग म्हणाली, “तुमचा रहिवासी दाखला मूळपत्त्यासकट छापून देते, त्यावर कळेल.” यंत्रातून कागद आला तो गरम होता. राहण्याच्या पत्त्याखाली मूळपत्ता छापलेला होता. मिनोसावा, उबादानी खोरं. नोंदीचा प्रमुख, हिबिनो सेइगो. गरम कागद हातात धरून मी बाहेर बाकावर बसले. ऑगस्टचं ऊन होतं, सिकाडा किडे झाडावर कोकलत होते, आणि माझे तळवे थंड पडत चालले होते. इतकी वर्षं मी कधी परदेशी गेले नाही, गाडी चालवायला शिकले नाही, दुसरं लग्न केलं नाही, त्यामुळे ही प्रत कधी काढावी लागली नव्हती. जे झालंय ते झालंय की नाही हे बघायला कोण जातं? घराचं दार आपण लावलं असं वाटलं की माणूस निघून जातो. जिन्यावरून परत येऊन कडी हलवून बघणारे वेगळे. सेइगो त्यातला होता. तो परत येऊन बघायचा.

उबादानी. लग्नाआधी आम्ही तिथे गेलो होतो, गरम पाण्याच्या झऱ्याकाठी एक सराय होती तिथे. सेइगोला गाव नव्हतं. तो अनाथांच्या संस्थेत वाढला, मग कुणा दूरच्या काकाकडे, आणि त्याची नोंद त्या काकाच्या पत्त्यावर होती, त्याबद्दल तो कधी बोलायचा नाही. म्हणजे तो कशाबद्दलच बोलायचा नाही, पण त्याबद्दल जास्त बोलायचा नाही. सरायीची खोली नदीच्या अगदी वर होती. रात्रभर पाणी जमिनीखालून गेल्यासारखं वाटायचं. सकाळी जेवताना त्याने भाताची वाटी खाली ठेवली आणि म्हणाला, “मूळपत्ता इथला घेऊया का?” लग्नाच्या नोंदीत मूळपत्ता कुठलाही देता येतो, लोक किल्ल्यांचे देतात, तिथे राहायचं थोडंच असतं. सरायीची म्हातारी, तोमे, वाढता वाढता थांबली. “घ्या की,” ती म्हणाली, “पत्त्याचं भाडं नाही मागणार मी.” तिचा नवरा न्हाणीघराचा बंब पेटवायचा. त्याला बोलावलं, तो हात पुसत आला, आणि लग्नाच्या कागदावर साक्षीदारांच्या दोन जागा असतात तिथे त्या दोघांनी सह्या केल्या. म्हातारा पेन घट्ट धरून लिहीत होता, जीभ जरा बाहेर काढून. आम्ही चौघं होतो त्या खोलीत. त्याच दुपारी कागद गावच्या कार्यालयात दिला आणि आम्ही नवरा-बायको झालो. मी त्या दिवशी खूश होते. हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

मिनोसावाला पोस्टाने अर्ज पाठवला. सोबत विम्याच्या कार्डाची नक्कल, पोस्टाची मनीऑर्डर, परतीचा तिकीट लावलेला लिफाफा. स्वतःचंच नाव-पत्ता लिहिलेला लिफाफा पेटीत टाकताना दर वेळी चमत्कारिक वाटतं, आपणच आपल्याला कुठूनतरी लिहिणार आहोत असं. उत्तर यायला दिवस लागणार होते. ते दिवस कसे गेले ते नीट सांगता येत नाही. मी कामाला जात होते, शर्टांवर चिठ्ठ्या टोचत होते. पण रोज सकाळी तोंडात एक चव असायची, लोखंडाची आणि शेवाळाची, नदीच्या गोट्याला चुकून जीभ लागावी तशी. दात दोनदा घासूनही जायची नाही. मासळीवाल्याकडे मी सवयीने एक तुकडा मागायची ते दोन मागू लागले, आणि घरी आल्यावर लक्षात यायचं.

“काल सुट्टी असून इकडे कशाला आली होतीस गं?” इनुकाईबाईंनी एका सकाळी विचारलं.

“मी नव्हते आले.”

“वा. दुकानासमोरून गेलीस. मी हाक मारली, मित्सुए, अगं मित्सुए, तर वळली नाहीस. केस ओलेचिंब होते. म्हटलं, बाईसाहेब न्हाऊन तशाच निघाल्या, ऐट आहे.”

“दुसरी कुणी असेल.”

“असेल बाई. माझे डोळे आता शिवणाचे राहिले नाहीत,” त्या म्हणाल्या. पण नंतर दिवसभर माझ्याकडे अधूनमधून बघत होत्या. मी काल दिवसभर घरी पडून होते. उशी ओली झाली होती. घामाने, असं मी ठरवलं होतं.

प्रत आली. आत सेइगोचं नाव, त्याचा जन्म, त्याचा मृत्यू. पुढे माझं नाव. पत्नी. फुली नाही की शेरा नाही. मी तो कागद उजेडाला धरला, पाठीमागून बघितला, जसं काही फुली आतून उमटणार होती. म्हणजे पत्र उघडता उघडता मी फुलीवालीची एकदम विधवा झाले होते. इतकी वर्षं मी भोगलेलं सगळं, हे घर, ही एकटीची भांडी, रविवारी दुपारपर्यंत लोळणं, त्या एका शिंप्याबरोबर झालेलं ते अर्धवट प्रेम, ज्यात मी ‘मी मोकळी आहे’ असं त्याला सांगितलं होतं आणि मग मोकळेपणाच्याच नावाखाली त्याला घालवलंही होतं, हे सगळं कुणा नवऱ्याच्या बायकोने केलं होतं. मला फसवल्यासारखं वाटलं, आणि त्याहून वाईट म्हणजे चोरी केल्यासारखं. मी दुकानात जाऊन इनुकाईबाईंचा फोन मागितला आणि त्यांच्याकडून नकाशात तो मूळपत्ता शोधून घेतला. त्यांनी बोटाने चित्र मोठं केलं, अजून मोठं केलं. लाल खूण निळ्या रंगावर येऊन थांबली.

“पाण्यात दाखवतंय,” त्या म्हणाल्या. “यंत्राला अक्कल नसते.”

यंत्राला अक्कल होती. उबादानीवर धरण झालं होतं. मला माहीत नव्हतं. वर्तमानपत्रात आलंही असेल, मी तेव्हा डोंगरांच्या बातम्या वाचत नव्हते. सराय, न्हाणीघर, ती नदीवरची खोली, सगळं तळाशी. पण पत्ता बुडत नाही, क्रमांक पाण्याखालीही तोच राहतो. आणि त्या क्रमांकावर, कागदाप्रमाणे, मी राहत होते. मी निघून आले होते आणि ती राहिली होती. ती म्हणजे पत्नी. वाटीत भात वाढून घेणारी, खूश असलेली, सव्वीस की सत्तावीस वर्षांची. पाणी चढत गेलं असेल तेव्हा तिला कुणी सांगितलं नाही, कारण ती तिथे आहे हे फक्त नोंदीला ठाऊक होतं. हे मी विचार करून म्हणत नव्हते. इस्त्रीच्या वाफेत उभी असताना ते माझ्या मनात आलं, आणि वाफेतून बाहेर आल्यावरही गेलं नाही.

सेइगो वाईट नव्हता. त्याने कधी हात उचलला नाही, आवाज चढवला नाही. चढवायला आधी आवाज असावा लागतो. आठ वर्षं मी त्याच्यासमोर बसून जेवले आणि चघळण्याचा आवाज ऐकला. काही विचारलं की तो ‘हं’ म्हणायचा, आणि त्या ‘हं’मध्ये होकार आहे की नकार हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. एका रविवारी मी घटस्फोटाचा तो हिरव्या रेघांचा कागद आणला. आमच्याकडे नवरा-बायको दोघं राजी असतील तर कोर्ट लागत नाही. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, आणि कुणी एकाने नेऊन द्यायचा. मी माझी बाजू भरली, शिक्का उठवला, कागद त्याच्याकडे सरकवला. “साक्षीदार तू बघ आणि देऊन टाक,” म्हटलं. तो म्हणाला, “हं.” मी बॅग उचलली. तो जिन्यापर्यंत आला नाही. त्याने तो कागद देऊन टाकला असेल याबद्दल मला एक क्षणही शंका आली नाही, कारण न बोलणारी माणसं कामं करतात असा माझा समज होता.

ओबोनच्या सुट्टीत दुकान बंद असतं, म्हणून मी तेव्हा गेले. मेलेल्यांनी घरी यायचे दिवस. गाडीत समोरची बाई काकडीला काड्यांचे पाय लावून केलेला घोडा डब्यात जपून नेत होती, पितरांना लवकर घरी पोचता यावं म्हणून. मी मनाशी पक्कं करून निघाले होते. जायचं, नकार द्यायचा, परत यायचं. पत्नी असले तरी नकार देता येतो, हे मी फोनवर विचारून ठेवलं होतं. शेवटच्या स्टेशनावरून बस होती. जसजशी ती डोंगर चढत गेली तसतसे माझे कान बंद होत गेले, आणि आत पाण्याचा आवाज सुरू झाला.

ओगावारा फोनवरच्या आवाजापेक्षा वयाने मोठे निघाले, चाळिशीचे, गळ्यात ओळखपत्र. त्यांनी मला टेबलाशी बसवलं, बार्लीचा थंड चहा दिला. कलश शेजारच्या खुर्चीवर होता, पांढऱ्या कापडात बांधलेला, माणूस बसवावा तसा टेबलाकडे तोंड करून. त्यांनी दोन कागद माझ्यापुढे ठेवले. एक पावती, एक नकार.

“कुठलाही चालेल,” ते म्हणाले. “आम्ही कुणाला भरीला घालत नाही. आणि आता घटस्फोट व्हायचा नाही, माणूस गेल्यावर तो होत नाही. पण तुम्हाला माहेरचं नाव परत घ्यायचं असेल तर घेता येतं, सासरचं नातंही तोडता येतं. त्याला कुणाची सही लागत नाही. साक्षीदारही नाहीत.”

“साक्षीदार नाहीत,” मी म्हटलं. “सोयीचं आहे.”

ते थोडे घुटमळले. मग खालून एक खोका काढला. “त्यांच्या खोलीतलं सामान. थोडंच होतं. धरणावरच्या बागेत झाडलोट करायचे ते, शेवटपर्यंत.” खोक्यात थर्मास होता, चष्मा होता, शिक्का होता. आणि प्लास्टिकच्या पाकिटात हिरव्या रेघांचा कागद.

माझं अक्षर मी लगेच ओळखलं. तेव्हा मी किती जोर देऊन लिहायची. माझी बाजू भरलेली, शिक्का अजून लाल. त्याची बाजू भरलेली. त्याचाही शिक्का. खाली साक्षीदारांच्या दोन जागा. एकीत तोमेचं नाव, म्हातारीचं थरथरतं अक्षर, जन्मतारीख, राहण्याचा पत्ता सरायीचा, मूळपत्ता सरायीचा. दुसरी जागा रिकामी.

“हा कागद मी ओळखतो,” ओगावारा म्हणाले. “मी आधी नोंदीच्या खिडकीवर होतो. ते दर वर्षी आणायचे, असेच दिवस असायचे, ओबोनचे. म्हणायचे, एवढ्यावर घेता का? मी म्हणायचो, हिबिनो-सान, अजून एक सही हवी. कुणाचीही चालते, स्टेशनवरच्या टॅक्सीवाल्याला सांगा, तोही करेल. एकदा तर खिडकीमागचा आमचा एक जण तयारही झाला होता.”

“मग?”

“नको म्हणाले. म्हणाले, त्या दिवशी जे होते त्यांनीच करायला हवी. त्यांनी आम्हाला बांधलं, त्यांनीच सोडवावं. म्हातारी होती, तिने केली. म्हातारा आधीच गेला होता. मग म्हातारीही गेली. धरण आलं.” ओगावारांनी चहाचा पेला थोडा सरकवला. “मी एकदा म्हटलं, अहो, मग बायकोलाच विचारा, दुसरं काही सुचवतील. तर म्हणाले, ती सरायीत आहे. मी म्हटलं, सराय तर पाण्याखाली. ते म्हणाले, हं.”

मला हसू आलं, आणि ते थांबेना, आणि मग लक्षात आलं की ते हसू नाही. ओगावारांनी कागदी रुमालांचा डबा पुढे केला आणि खिडकीबाहेर बघत राहिले. मूर्ख माणूस. इतकी वर्षं. एका टॅक्सीवाल्याची सही घेतली असती तर मी मोकळी झाले असते, तोही झाला असता. मला राग आला होता, खरंच आला होता, पण त्या रागाला उभं राहायला जागा सापडत नव्हती. तो कागद त्याने लपवला नव्हता. तो दर वर्षी देत होता. आणि त्या खोलीत त्या दिवशी कोण होतं याचा हिशेब त्याने मनाशी किती वेळा केला असेल. म्हातारी, म्हातारा, तो. आणि चौथी.

मी पावतीवर सही केली. ‘मृताशी नातं’ अशी एक जागा होती, ती सोडली.

“नातं राहिलं,” ओगावारा म्हणाले.

“बसची वेळ झालीय. फोनवर सांगते.”

ते जरा विचार करून म्हणाले, “चालेल.” दारापर्यंत आले आणि वाकून नमस्कार केला. मला की कलशाला ते कळलं नाही.

बस धरणाच्या बागेपाशी बदलायची होती. पुढची यायला वेळ होता. थांब्यावर लाकडी बाक आणि पत्र्याचं छप्पर होतं. पाऊस न पडल्यामुळे तलाव खाली गेला होता, काठावर वाळलेल्या चिखलाचा पट्टा दिसत होता. जुना रस्ता उघडा पडला होता. डांबरी, मधोमध पांढरी रेघ, आणि तो सरळ उतरत पाण्यात शिरत होता, पुढे कुणी राहत असल्यासारखा. सेइगो याच बाकावर बसत असावा. बाकाची एक बाजू गुळगुळीत झाली होती. मी दुसऱ्या बाजूला बसले आणि मधे कलश ठेवला. कान अजून बंद होते. तोंडात ती चव भरून आली, लोखंडाची, शेवाळाची, आणि या वेळी मला ती ओळखीची वाटली. सरायीच्या न्हाणीघरातल्या पाण्याची चव तशीच होती. आम्ही दोघांनी ओंजळीत घेऊन चाखली होती आणि तोंडं वाकडी केली होती. तेव्हा तो हसला होता. हे मी पार विसरले होते, की तो हसायचा.

थोड्या वेळाने मी पाकिटातून कागद काढला. गुडघ्यावर पर्स ठेवून त्यावर तो पसरला. दुसऱ्या साक्षीदाराच्या जागेत लिहिलं, हिबिनो मित्सुए. अक्षर माझं नव्हतं. म्हणजे माझंच होतं, पण वर त्या रविवारी लिहिलेलं होतं तसंही नव्हतं आणि आता दुकानात चिठ्ठ्यांवर लिहिते तसंही नव्हतं. गोल होतं, घाई नसलेलं. जन्मतारीख लिहिली. राहण्याचा पत्ता, उबादानी, सराय. मूळपत्ता, तोच. हात एकदाही अडखळला नाही. पर्समधून शिक्का काढला. डबीतला शिक्का ओला होता, डबी कोरडी होती. मी तो पुसला नाही, तसाच उठवला. लाल रंग कडेने किंचित पसरला आणि थांबला. त्या दिवशी जे होते त्यातल्या दोघांनी आता सोडवलं होतं. कागद कुठेच द्यायचा नव्हता, आता तो कुणी घेतलाही नसता.

“झालं,” मी मोठ्याने म्हटलं.

खालून, रस्ता पाण्यात शिरतो तिथून, कुणीतरी ‘हं’ म्हणालं. बाईचा आवाज होता, माझ्याहून तरुण. मी तिकडे बघितलं नाही. बघायला हवं असं वाटलंही नाही. त्या ‘हं’मध्ये होकार होता, एवढं मला कळलं. कान एकदम मोकळे झाले आणि सिकाडा किड्यांचा आवाज आत घुसला.

वळणावर बस दिसली. मी कागद घडी करून कापडाच्या गाठीत खोचला. आता तो माझा कुणी नव्हता. म्हणून मी त्याला उचललं आणि मांडीवर घेतलं.